दुसरा बदल

दर गुरुवारी सकाळच्या उमरेड गाडीनं रुपराव भोयर नागपुरात यायचे आणि बसस्टँडवरून पायीच आमच्या कचेरीत पोचायचे. काखेत पुठ्ठ्याची सपाट पिशवी, पिशवीत रविवारच्या पुरवणीची चित्रकथा. ते उमरेडच्या एका शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. मी सीताबर्डीवरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि मुलांचं पान माझ्याकडे होतं. ही १९७३ सालची गोष्ट.

त्याआधी चार वर्षं त्यांनी आमच्यासाठी राजे, राक्षस, चोर-शिपाई, चंद्रावर जाणारी यानं असं सगळं काढलं होतं. मुलांना ते आवडायचं. पण त्या जानेवारीत ते समोर बसले आणि म्हणाले की आपला हात सैल झाला आहे, काहीही काढायची मुभा असली की माणूस काहीच नीट काढत नाही. त्यांनी स्वतःवर नियम घालून घेतले होते आणि ते एका वहीच्या पानावर लिहूनही आणले होते. एकच खोली. सहा चौकटी. माणूस काढायचा नाही. शब्द नाही. एकदा शाई लागली की खोडायचं नाही. प्रत्येक चौकट आधीच्या चौकटीवरून काचेवर गिरवायची आणि तिच्यात फक्त एक बदल करायचा. पुढच्या रविवारची पहिली चौकट म्हणजे मागच्या रविवारची शेवटची.

मी म्हटलं, मुलं कंटाळतील. ते म्हणाले, एक महिना पाहा.

खोली अगदी साधी होती. भिंतीला लागून दोरीनं विणलेली बाज, तिच्यावर उशी. एक खिडकी, खिडकीखाली माठ. भिंतीत कोनाडा, खुंटीला टांगलेला कंदील. एका चौकटीत माठावर पेला असायचा, पुढच्या चौकटीत नसायचा. एका चौकटीत कंदील सरळ, पुढच्यात किंचित फिरलेला. बस, एवढंच. मुलांनी बदल शोधून पोस्टकार्डावर कळवायचा. तिसऱ्या आठवड्यापासून पोस्टकार्डांचा ढीग येऊ लागला. मास्तर खूश होते. मला त्या खोलीत पाहत बसायला आवडू लागलं होतं.

फेब्रुवारीत मौद्याच्या एका मुलीचं पत्र आलं. तिनं लिहिलं होतं की पाचव्या चौकटीत दोन बदल आहेत. कोनाड्यातली डबी गेली आहे आणि बाजेची दोरी मधोमध खाली आली आहे. दुसरा बदल चुकून झाला का?

मी भिंग घेऊन मूळ चित्र पाहिलं. मुलगी बरोबर होती. दोरी जराशी झोळली होती, कुणी नुकतं टेकावं तशी. शाई मास्तरांचीच, रेघही त्यांचीच.

गुरुवारी मी त्यांना दाखवलं. त्यांनी भिंग दोरीवर धरून पाहिलं. मग म्हणाले, "हे मी नाई काढलं जी."

मला वाटलं, गिरवताना कागद सरकला असेल. तसं मी म्हटलंही. पण पुढच्या गुरुवारी त्यांनी पिशवीतून चित्र काढलं तेव्हा त्यांनाच ते आधी दिसलं. गाडीत बसण्यापूर्वी शाळेच्या खिडकीच्या काचेवर सहाही चौकटी एकमेकींवर ठेवून आपण तपासल्या होत्या, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. माझ्या टेबलावर ते चित्र होतं आणि सहाव्या चौकटीत दोरी आणखी खाली आली होती. उशीलाही खळगा पडला होता.

नियमाप्रमाणे खोडता येत नव्हतं. पुढची चौकट तिच्यावरूनच गिरवावी लागणार होती. तरी ते छापलं. पान माझ्या जबाबदारीचं होतं, मला नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

मार्चमध्ये एका गुरुवारी मास्तर आले नाहीत. दुपारी त्यांचा फोन आला, धंतोलीतल्या एका दवाखान्यातून. त्यांच्या पत्नीला, गोपिकाबाईंना, तिथं दाखल केलं होतं. त्यांना मूलबाळ नव्हतं, नात्यातलं कुणी जवळ नव्हतं. मी संध्याकाळी काम आटोपून गेलो.

गोपिकाबाईंना मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं. तेव्हा त्या चांगल्या धडधाकट होत्या. आता लोखंडी खाटेवर त्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि चेहरा मात्र तसाच भरलेला, तुकतुकीत होता. हातपाय वाळलेले नव्हते. फक्त वजन उतरत होतं. डॉक्टर मला बाहेर म्हणाले की जेवण व्यवस्थित, रक्त व्यवस्थित, क्ष-किरणात काही नाही; काटाच खराब असेल म्हणून त्यांनी शेजारच्या दवाखान्यातला काटा मागवून पाहिला होता. खाटेच्या पायथ्याशी तक्ता लावला होता. जानेवारीअखेर उमरेडला सेहेचाळीस किलो. आता अडतीस.

मास्तर औषधं आणायला गेले तेव्हा गोपिकाबाईंनी माझ्याकडे पुरवणी मागितली. ती माझ्या पिशवीत होती. त्यांनी ती मांडीवर पसरली आणि बाजेवर बोट ठेवलं.

"भाऊजी, मले इथं बरं वाटते," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. मी विचारलं, ही तुमच्या घरातली खोली आहे का? त्यांनी मान हलवली. अशी खोली आपल्याकडे कधीच नव्हती, यांनी ती मनानंच काढली, असं त्या म्हणाल्या. पण खिडकीबाहेर चिंच आहे आणि दुपारी तिची सावली माठावर येते, हे त्यांना ठाऊक होतं. दार कुठं आहे तेही ठाऊक होतं. चित्रात दार नव्हतं.

"तुमी जिथून पाहता नं, तिथं हाये दार," त्या म्हणाल्या. "यायले नका सांगू. घाबरतील."

मी मास्तरांना सांगितलं नाही. पण मास्तर चित्रकार होते, त्यांची नजर तयार होती. एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी ते आले ते तक्त्यावरचे आकडे एका चिठ्ठीवर उतरवूनच. चिठ्ठी त्यांनी चित्राशेजारी ठेवली. दोरी किती खाली आली ते त्यांनी पट्टीनं मोजलं होतं. मी माझ्या पट्टीनं पुन्हा मोजलं. दोरी जितकी खाली, तितका आकडा खाली. मी योगायोग हा शब्द उच्चारला आणि तो उच्चारताच मला स्वतःची लाज वाटली.

त्या दिवशी माझ्यासमोर त्यांनी आपला नियम मोडला. खिशातून दाढीचं पातं काढलं आणि झोळलेली दोरी खरवडून टाकली. मग टाक घेऊन तिथं नवी, ताठ दोरी ओढली. वेळ पाहिली तर एक वाजून दहा मिनिटं झाली होती. आम्ही दोघं लगेच दवाखान्यात गेलो.

नर्स दारातच भेटली. एकच्या सुमारास गोपिकाबाई एकदम किंचाळल्या होत्या. पाठीवर, खांद्याखाली, लाल ओरखडे उठले होते. दोन-तीन ठिकाणी रक्त आलं होतं. त्या मास्तरांचा हात धरून रडत होत्या.

"मले काहून उठवून राहिले जी?" त्या म्हणाल्या. "मी पडली होती चांगली."

मास्तरांनी मग टाक हातात घेतला नाही. चित्रकथा बंद केली. त्या रविवारी तिच्या जागी मी कोडी छापली. ते खरवडलेलं शेवटचं चित्र त्यांना घरी नको होतं, फाडायची तर हिंमत कुणाचीच नव्हती. मी ते माझ्या टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्याच खिशात असे.

काढणारं कुणी नव्हतं, छापणारं कुणी नव्हतं, तरी ते थांबलं नाही. सोमवारी मी खण उघडला तेव्हा सहाव्या चौकटीतली ताठ दोरी पुन्हा झोळलेली होती. पुढच्या आठवड्यात बाजेखाली चपला होत्या, अंगठ्याकडे झिजलेल्या. त्यानंतर दांडी नसलेल्या भिंतीला दांडी आली आणि तिच्यावर लुगडं. माणूस काढायचा नाही, हा नियम तेवढा शेवटपर्यंत पाळला गेला. मी कामाच्या वेळात, लोक भोवती असताना, ते चित्र काढून मोजत होतो आणि आकडे कागदावर लिहीत होतो. त्याचा उपयोग काय, हे मला ठाऊक नव्हतं. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून मोजत होतो.

मास्तर रोज संध्याकाळी कचेरीखालच्या चहाच्या दुकानात यायचे. खण उघडून पाहा, असं म्हणायचे नाहीत. नुसते माझ्या तोंडाकडे पाहायचे. एकदाच म्हणाले, "श्रीधरभाऊ, म्याच दिली तिले ती जागा. आता परत कशी मागू, सांगा."

मी त्यांचा चहा पुढं सरकवला.

मे महिना लागला. कूलर लावूनही कचेरीत भाजत होतं. तक्त्यावर तेवीस किलो होते. गोपिकाबाई आता फारसं बोलत नव्हत्या. दिवसभर डोळे मिटून पडून असायच्या, ओठांवर हसू. नर्सनं मला एक गोष्ट हळूच दाखवली. त्या झोपल्या होत्या त्या गादीवर खळगा नव्हता. चादर त्यांच्या अंगाखालीही इस्त्री केल्यासारखी सपाट होती.

अकरा मे, शुक्रवार. दुपारी मी डबा खाऊन हात पुसले आणि खण उघडला.

दोरी जमिनीपासून एका केसाच्या अंतरावर होती.

मी चित्रावरून नजर हलवायची नाही असं ठरवलं. पंखा फिरत होता. शेजारी खिळे जुळवणारा कंपोझिटर कुणाशी तरी बोलत होता. मी पाहत राहिलो आणि काहीही बदललं नाही. डोळ्यांत पाणी आलं. मी एकदा पापणी मिटली.

दोरी जमिनीला टेकली होती.

खिडकीत चिंचेची फांदी होती.

माझ्या मागं फोन वाजू लागला. तो कुणाचा आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी तो उचलायला उशीर लावला.

दवाखान्यातून मास्तरांनी गोपिकाबाईंना एकट्यानं उचलून खाली आणलं. कुणालाही हात लावू दिला नाही. जिन्यात ते दोनदा थांबले ते दमले म्हणून नव्हे. हातांत काही आहे की नाही, हे पाहायला थांबले होते. उमरेडला नेऊन त्यांनी सगळं रीतीप्रमाणे केलं. तिरडीला खांदा देणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

त्यानंतर मास्तर नागपुरात आले नाहीत. जूनच्या शेवटी त्यांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर नेहमीसारखं सुबक होतं. घरी सगळं ठीक आहे, शाळा उघडली. तुमच्याजवळ तो कागद आहे तो पाठवून द्यावा. खोलीत कुणीतरी असलेलं बरं. एवढाच मजकूर.

मी खण उघडला, चित्राकडे न पाहता ते लिफाफ्यात सरकवलं आणि चिकटवलं. हातात तो एका कागदाएवढाच लागत होता. दुपारी मी पोस्टात गेलो. खिडकीवर एक वयस्कर कारकून होते. त्यांनी तिकिटासाठी लिफाफा काट्यावर ठेवला, काट्याकडे पाहिलं, लिफाफा उचलून पुन्हा ठेवला.

"हे पत्रात नाही जाणार," ते म्हणाले. "पार्सलच्या खिडकीवर न्या. काय आहे आत?"

मी म्हटलं, एक कागद.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते काटा थांबायची वाट पाहत होते. काटा थांबत नव्हता. हळूच थोडा वर जायचा, हळूच खाली यायचा, आणि पुन्हा वर जायचा, झोपेतल्या माणसाच्या छातीसारखा.