सोड म्हणायचं राहिलं

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण आमच्या मामांना खोटं बोलता येत नाही. पत्ते खेळतानासुद्धा चेहऱ्यावरून पकडले जातात.

हे त्यांच्याच बाबतीत घडलं. भर दुपारी. गावाच्या सगळ्यात जुन्या रस्त्यावर.

मामा जमीन मोजणारे. गाव वसवायला पहिली माणसं गाड्या घेऊन आली, ती याच वाटेने. रस्ता सरळ येतो आणि सपाट मोकळ्या जागेत उगाच वळसा घालतो. तिथे ना झाड, ना विहीर. "पहिल्या गाडीवानाला डुलकी लागली असेल," लोक म्हणायचे.

ते वळण काढून रस्ता सरळ करायचा होता.

टेपचं पुढचं टोक मामांकडे, मागचं लांब्याकडे. लांब्या त्यांचा वीस वर्षांपासूनचा जोडीदार. पद्धत ठरलेली. मागच्याने टोक जागेवर धरलं की दोन हिसके द्यायचे. पुढच्याने आकडा लिहून "सोड" म्हणायचं. तोपर्यंत आभाळ कोसळलं तरी टोक सोडायचं नाही.

मधे डोक्याएवढं उंच गवत होतं. लांब्या दिसत नव्हता.

दोन हिसके आले...

मामांनी आकडा लिहिला.

पुन्हा दोन हिसके. जरा जोरात.

"अरे हो, कळलं. घाई कसली?"

गवताचं पातंही हलत नव्हतं...

मग आवाज आला, पण भलतीकडून. रस्त्यावरून.

"साहेब, थांबा जरा. चप्पल तुटली. टोक खाली ठेवून आलोय."

मामांनी वळून पाहिलं. लांब्या रस्त्याच्या कडेला बसला होता. दोन्ही हातांत चप्पल.

टेप मात्र ताणलेलीच होती...

मामांनी ती टाकली आणि धूम ठोकली. मागून लांब्या, एका पायाने अनवाणी.

रस्ता सरळ झाला. पुढे ग्रंथालयातल्या बाईंनी मामांना गावाचं जुनं दप्तर दाखवलं. हा रस्ता पहिल्यांदा दोराने मोजला होता, दोन भावांनी. थोरला म्हणाला, "मी सांगेपर्यंत सोडू नकोस." तो पुढे गेला आणि वाटेतच तापाने वारला. धाकटा उन्हात दोर धरून उभाच राहिला. तिथेच मेला, तिथेच त्याला पुरलं. गाड्यांनी त्या जागेला वळसा घातला.

मामांना आठवलं. "सोड" तर आपणही म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून दुपार झाली की त्यांच्या उजव्या हाताला दोन हिसके बसायचे. ताटातला घास सांडायचा.

"वय झालं तुमचं," मामी म्हणायची.

शेवटी मामा एकटेच त्या वळणाच्या जागी गेले. नव्या डांबरावर उभे राहिले. भीती होतीच, पण त्याहून जास्त दया आली.

"झालं मोजून," ते म्हणाले. "सोड रे बाबा."

आणि उन्हात उभेच राहिले...

मग हात हलका झाला. त्या दुपारी मामा पोटभर जेवले.

आठवड्याने लांब्याची बायको मामीकडे आली.

"यांचं काहीतरी बिनसलंय, वहिनी. दुपार झाली की अंगणात जाऊन उभे राहतात. मूठ घट्ट मिटून. उन्हातून हलत नाहीत. विचारलं तर म्हणतात, दादा सांगेपर्यंत सोडता येत नाही."

मग हळूच म्हणाली,

"यांना तर मोठा भाऊच नाही."

मामा आता रोज दुपारी त्या अंगणात जातात. लांब्यासमोर उभं राहून "सोड" म्हणतात, शंभरदा म्हणतात.

लांब्या त्यांच्या खांद्यावरून मागे, लांब रस्त्याकडे बघत राहतो.