गोल सोडून आलेला

झिरकपूरच्या नाक्यावर पोलिसांनी बस थांबवली आणि आम्हा सगळ्यांना खाली उतरवलं. अठ्ठ्याऐंशीचा जानेवारी. बारीक, बोचरा पाऊस पडत होता. पंजाबात कुठे अतिरेक्यांनी गोळीबार केला की चंदीगडकडे येणारी प्रत्येक बस तपासली जायची, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही. मी सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात आमचं यंत्र तपासून परतत होते.

रांगेत माझ्या पुढे एक उंच तरुण होता. हवालदारानं त्याची पिशवी उघडली, मग त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं.

"ओए, तू वही है ना? जो गोल छोड़के भागा था?"

रांगेतल्या माना वळल्या. तो पुटपुटला, "घ्या... इथेही."

"तुम्ही मराठी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"हो. आणि मी पळालो नव्हतो. चालत गेलो होतो."

"कुठून?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"गोल म्हणजे... फुटबॉल का?"

तो हसला. पापण्यांवर पाऊस, आणि एकदम लहान मुलासारखं हसू. "गेल्या दोन महिन्यांत मला भेटलेल्या तुम्ही सगळ्यात चांगल्या बाई आहात," तो म्हणाला.

बसमध्ये तो शेजारी बसला. विलास रणपिसे, गाव खडकी. मुक्काम चंडीमंदिरच्या छावणीत, बहिणीकडे. तिचे यजमान लष्करात मेजर. डेराबस्सीला काय काम होतं, असं मी विचारलं. "काहीच नाही," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, घराबाहेर पडा. मिळेल त्या बसमध्ये बसतो."

घरी नाव सांगितलं तेव्हा बाबांनी चष्माच काढला. भारताच्या हॉकी संघाचा गोलरक्षक! नोव्हेंबरात दिल्लीतल्या सामन्यात, सारा देश टीव्हीवर बघत असताना, त्यानं हेल्मेट काढलं, स्टिक खाली ठेवली आणि तो मैदानाबाहेर निघून गेला. आपण हरलो. का गेला, ते कुणालाच कळलं नव्हतं.

आणि उत्तरं तर प्रत्येकाकडे होती. प्रयोगशाळेत चहाच्या वेळी मी नुसतं नाव काढलं, तर कुणी म्हणालं प्रेमभंग, कुणी म्हणालं दारू. नरेश आवाज खाली आणून म्हणाला, "धमकी आली असणार, जी. कॅप्टन कोण आहे ते बघा ना." संघाचा कॅप्टन हरपालसिंग होता, शीख. टेबलाच्या टोकाला बसलेला आमचा पगडीवाला गुरमीत आपला कप उचलून बाहेर निघून गेला.

चार-पाच दिवसांनी विलास प्रयोगशाळेच्या फाटकाशी उभा.

"हॉस्पिटलमधून येतोय. म्हटलं विचारावं... तुमचं ते यंत्र काय मोजतं?"

"आंबटपणा."

"माणसांचा?"

"द्रवांचा. माणसांसाठी यंत्र लागत नाही."

मग तो येतच राहिला. सेक्टरच्या सरळसोट, ओल्या रस्त्यांवरून आम्ही फिरायचो. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. एकदा तो थांबला. "तू कधी विचारत नाहीस."

"रोज विचारावंसं वाटतं. जीभ चावून गप्प बसते."

"मग विचार."

"त्या दिवशी काय झालं?"

"काहीच झालं नाही... तेच तर. लोक ओरडताना दिसत होते, पण सगळं काचेपलीकडे. हात माझे वाटेनात. कित्येक महिने धड झोप नव्हती. पण गोलकीपरनं घाबरलो म्हणून कुणाला सांगायचं? त्या क्षणी वाटलं, इथे उभा राहिलो तर मरेन. डॉक्टर म्हणतात, हा आजार आहे. गोळ्या चालू आहेत."

"आणि आता कसं वाटतंय?"

"आता तू विचारलंस म्हणून छातीत धडधडतंय. पण हे वेगळं आहे... बहुतेक."

आईला त्याच्याबद्दल सांगितलं. "मुलगा चांगला असेल गं," ती म्हणाली. "पण डोक्याचं दुखणं?"

"बाबांना मधुमेह आहे, आई."

"ते वेगळं."

"कसं?"

ती पोळ्या लाटत राहिली.

फेब्रुवारीत धमकीची, आणि त्यात हरपालचा हात असल्याची, अफवा छापून आली. हरपालच्या घरावर दगड पडले, पोलिसांनी त्याला दिवसभर बसवून ठेवलं. त्या रविवारी मी सुनंदाताईंकडे, विलासच्या बहिणीकडे, चहाला गेले होते, तेव्हाच एक पत्रकार आला.

"आप बस हाँ कह दीजिए," तो विलासला म्हणाला. "धमकी मिली थी. लोग सर पे बिठाएँगे."

"हो म्हण रे," सुनंदाताई कळवळून म्हणाल्या. "वेडा म्हणवून घेण्यापेक्षा बरं."

विलास उठून व्हरांड्यात गेला. मीही गेले.

"हरपाल आणि मी एका डब्यातून जेवलोय," तो म्हणाला. "पण खरं सांगितलं तर वेडा हा शिक्का जन्मभर राहील. तुझ्यावरही. म्हणतील, वेड्याची..."

"वेड्याची काय?"

"...मैत्रीण."

"एवढंच?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. कान लाल झाले होते. मग तो आत गेला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "लिखिए. किसी ने धमकी नहीं दी. मैं बीमार था. मन की बीमारी है, इलाज चल रहा है. हरपाल मेरा भाई है."

ते छापून आलं. बाजारात लोक त्याला बघून कपाळाशी बोट फिरवायचे. संघानं त्याला परत बोलावलं नाही. हरपालचा फोन आला, तो इतकंच म्हणाला, "ओए, रोटी टाइम पे खाता है ना?" आणि एका संध्याकाळी भाजीच्या पिशव्या घेतलेले, हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ विलाससमोर येऊन उभे राहिले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "मुझे भी नींद नहीं आती. इकहत्तर की लड़ाई से. कौन-से डॉक्टर हैं आपके?"

ते गेल्यावर विलास म्हणाला, "मी खडकीला चाललोय. पोरांना गोलकीपिंग शिकवायला."

"बरा झालास?"

"पूर्ण नाही. काही दिवस चांगले जातात, काही वाईट. वाईट दिवशी मी बोलत नाही, जेवत नाही. हे आधी सांगतो... मग विचारतो."

"विचार ना."

"लग्न करशील माझ्याशी?"

"वाईट दिवशी मी काय करायचं असतं?"

तो गोंधळला. "माहीत नाही. असं कुणी विचारलंच नाही कधी."

"मग दोघं मिळून शोधू," मी म्हणाले आणि त्याचा हात हातात घेतला. गार पडला होता. भर बाजारात, लोक बघत असतानाही, मी तो सोडला नाही.

घरी आईला सांगितलं. ती आधी रडली. मग डोळे पुसून, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "त्याला झोप लागत नाही ना... रात्री दूध घेतो का गं?"