कोपऱ्यातली खाट

कारखान्यात माल खराब निघाला की कामगाराला शिव्या घालायच्या नसतात, कामाची पद्धत तपासायची असते. या एका वाक्यावर मी जन्मभर पोट भरलं. रुग्णालयाने अतिदक्षता विभागातला जंतुसंसर्ग कमी करायला मला बोलावलं, तेव्हाही मी हेच वाक्य फेकलं. डॉक्टरांनी माना डोलावल्या.

मग मी सिस्टर लोकांच्या मागे मागे हिंडलो. कोण कुठे जातं, कशाला हात लावतं, हात कधी धुतं, सगळं पाहिलं. जास्तीचा प्रत्येक स्पर्श म्हणजे जंतूंची फुकटात सोय. एक हेलपाटा तर अगदीच वायफळ होता. दर फेरीत एक सिस्टर कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेपाशी जायची आणि तिची चादर पायथ्याशी खोचून यायची.

"तिथे कुणी नसतं ना?" मी विचारलं.

"नसतं हो," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. "मी इथे लागले तेव्हापासून असंच चालत आलंय. बंद करा, तेवढेच पाय वाचतील."

बंद केलं. संसर्ग खाली आला आणि मी हवेत गेलो. ताईचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिचा नवरा नको म्हणत असताना मीच हट्टाने तिला इथे आणलं.

त्यानंतर कोपऱ्याशेजारच्या आजोबांना ताप भरला. ते गेले. मग त्यांच्या शेजारची बाई तापली. तिच्या पुढची खाट ताईची.

माझी झोप उडाली. कारखान्यात तेलाची गळती शोधायला आम्ही एक पावडर वापरायचो, साध्या उजेडात न दिसणारी, जांभळ्या दिव्याखाली चमकणारी. ती मी कोपऱ्यातल्या खाटेच्या कठड्याला लावली. कुणाचा हात तिथून इतरांकडे जातो, ते कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडदे ओढून दिवा लावला. सगळ्यांचे हात स्वच्छ निघाले. पण तापाने फणफणलेल्या त्या बाईच्या पांघरुणावर, पायथ्याशी, बोटांचे ठसे चमकत होते. पांघरूण गादीखाली घट्ट खोचलेलं होतं.

"तुमची ती नवी सिस्टर मायाळू आहे रे," ताई म्हणाली. "मघाशी माझंही पांघरूण खोचून गेली. हात मात्र गार, बर्फासारखे."

नवी सिस्टर कुणी आलीच नव्हती.

मी ताईचं पांघरूण उपसून काढलं आणि कोपऱ्याकडे धावलो. सगळी अक्कल गहाण ठेवून रिकाम्या खाटेची चादर खोचायला लागलो.

एक बाजू झाली.

दुसऱ्या बाजूला गेलो.

ती खोचून झाली होती.

मागे इन्चार्ज सिस्टर ताईचा ताप बघत होत्या. "काही नाही. अगदी नॉर्मल."

मला रडूच फुटलं. लाज वाटली, पण आवरेना.

"साहेब, हे काय लागलंय?" त्यांनी दिवा माझ्या पाठीवर धरला. "कुणी थोपटलं तुम्हाला?"

मी ताईजवळ जाऊन बसलो. तिने माझा हात हातात घेतला, आणि चटकन सोडला.

"अरे, केवढा भाजतोय!"