तोकुझोंची पाळी

शेगडीजवळ सरका, पोरांनो. आणि खिदळू नका. चिगुसा माझी शेजारीण, तिच्याच तोंडून ऐकलंय.

आमच्या शिगाराकीत, या कुंभारांच्या गावात, भट्टीवरची पाळी बदलताना थकलेल्यानं म्हणायचं, "घ्या." आलेल्यानं म्हणायचं, "घेतलं." मगच जागा सोडायची. चिगुसाचे वडील तोकुझो लेकीला मरेस्तोवर "घ्या" म्हणाले नाहीत. "तुला आग कळत नाही," म्हणायचे.

म्हातारा गेला तेव्हा मागे त्रेसष्ट कच्चे रांजण राहिले. चिगुसानं तेच भट्टीत लावले. वर झिलई नाही, रंग नाही. रूप द्यायचं ते आगीनं. सहा वर्षांपूर्वीची एकोणीस जानेवारी, भट्टीची पाचवी रात्र. नऊ वाजता आतेभाऊ इसाओ भाताचे गोळे आणायला गावात गेला.

साडेअकराला त्याचा फोन. "ताई, घाटात बर्फ साचलंय. गाडी हलत नाही. सकाळपर्यंत काही खरं नाही."

"अरे गाढवा, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझा!"

"आग उतरू देऊ नकोस, ताई. मामांच्या हातचं एवढंच उरलंय."

दर चार मिनिटांनी पाइनची लाकडं. एक खेप चुकली की बापाच्या शेवटच्या कामाचं मातेरं. हात पोळले. डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. बाई हंबरडा फोडून रडली. "बाबा, नाही हो जमत मला!"

दोन चाळीस. गुडघे टेकले. सवयीनं तोंडातून निघालं...

"घ्या."

अंगणात कुणी नव्हतं.

"घेतलं."

मागून. अगदी कानाशी.

ती वळली नाही... वळवेचना.

जाग आली ती सातला. आग तशीच, पिवळीधमक. उरलेल्या लाकडाच्या मोळ्यांच्या दोऱ्याही सुटल्या नव्हत्या.

दुपारी इसाओ परतला, भट्टी निवायला तिचं तोंड लिंपलं. आठवड्यानं उघडली. त्रेसष्टच्या त्रेसष्ट रांजण असे उतरले की चिगुसा एकेकाला मिठी मारून रडली.

त्यानंतर त्या भट्टीत कुणी काडी लावलेली नाही. चिगुसा मात्र रोज संध्याकाळी तिच्या तोंडाशी जाऊन बसते.

"बाबा, द्या आता. थकला असाल. घेतलं मी... घेतलं ना."

पण आधी "घ्या" यायला हवं. ते येत नाही.

परवा अंगणात गुडघाभर बर्फ होतं. भट्टीच्या पाठीवर कणही नाही. मी हातमोजा काढून विटेवर हात ठेवला.

वीट गरम होती.