किंदळीच्या वळणावरचा हॉर्न

नव्या सुनेला सासरी पहिलं काम काय सांगतात? कोणाला नारळ किसायला बसवतात, कोणाला पाववाल्या पोदेराची वाट बघत पिशवी घेऊन दारात उभं करतात. मला माझ्या नवऱ्याने आवाज आणायला पाठवलं.

"दोनच मिनिटं रेकॉर्ड कर गो," सिद्धेश म्हणाला. "किंदळीच्या वळणावर उभी राहा, फोन वर धर. व्हाळाचं पाणी, किडे, पानं. नव्वद सालातलं वाटलं पाहिजे."

"पानांना साल कळतं?"

त्याने हेडफोन कानांवर ओढले. लग्नाला दोनच महिने झाले होते, पण हेडफोन चढले की संभाषण संपलं, एवढं मी शिकले होते.

सिद्धेश बेंगळुरूच्या एका कंपनीसाठी घरी बसून काम करतो. मोबाईलवर गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम आहे, त्यातले रस्ते तो बनवतो. त्या दिवसांत गेमला नवा भाग जोडायचा होता, नव्वदीच्या दशकाचा. खोक्यासारख्या गाड्या, डॅशबोर्डवर कॅसेट, रस्त्याकडेला एसटीडी बूथ. एक रस्ता जपानचा, एक इटलीचा आणि तिसरा, सिद्धेशने भांडून मिळवलेला, आमच्या डिचोलीकडून नार्व्याला उतरणारा. त्या रस्त्यावर पळणार होती त्याच्या वडिलांची मोटरसायकल.

माझे सासरे सगुण पायलट होते. विमान समजू नका. पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवर मागे गिऱ्हाईक बसवून पोचवतो, त्याला गोव्यात पायलट म्हणतात. मी त्यांना पाहिलेलं नाही. ते काही वर्षांपूर्वी झोपेतच गेले, शांतपणे. सोप्यावर त्यांचा हसरा फोटो आहे, आणि त्याखाली विमलाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, रोज अबोलीची फुलं ठेवतात.

तर मी स्कूटर काढली आणि निघाले. दुपार डोक्यावर आली होती. आमच्याकडे रात्रीपेक्षा लोक भर दुपारला जास्त जपतात, कारण रात्री निदान दिवा तरी लावता येतो. घरांची दारं लोटलेली, कुत्री सावलीत पसरलेली, वाऱ्याचा पत्ता नाही. रस्ता उतरत उतरत व्हाळापाशी आला, किंदळीचं ते मोठं झाड दिसलं, आणि त्याच्या मुळाशी शेंदराचा ठिपका असलेला एक दगड. त्या दगडासमोर माझी स्कूटर आपोआप बंद पडली.

बटण दाबलं, किक मारली, काहीच नाही. म्हटलं, आलोच आहोत तर आवाज घेऊ. फोन वर धरला. कुठल्याशा झाडावर एक पक्षी बोलत होता, तो मध्येच थांबला. मग किडे थांबले. मग... पाणीसुद्धा थांबल्यासारखं वाटलं. डोळ्यांना ते वाहताना दिसत होतं, कानांना ऐकू येत नव्हतं. आणि माझ्या अगदी खांद्यामागून विडीचा वास आला. ताजा, कोणी नुकताच झुरका सोडावा तसा.

मी मागे पाहिलं नाही. धीट आहे म्हणून नाही, मान वळेना म्हणून. दोन मिनिटं भरल्यावर फोन खिशात टाकला आणि स्कूटर ढकलत चढ चढले. वर माथ्यावर येताच ती स्वतःच सुरू झाली, जणू झोप पूर्ण झाली.

घरी कोणालाच काही बोलले नाही. नव्या सुनेने पहिल्याच कामावरून भूत घेऊन येणं बरं दिसत नाही.

सिद्धेशने रेकॉर्डिंग ऐकलं आणि खूश झाला. "वा! पाणी कुठेच नाही, पण ही काठी काय मस्त आलीय! म्हातारा कोण होता?"

"कोण नव्हतं."

"मग हे काय?"

त्याने हेडफोन माझ्या कानांना लावले. टक... टक... टक... दगडावर काठी टेकत कोणीतरी जवळ येत होतं. अगदी जवळ येऊन आवाज थांबला.

सिद्धेशने तो तसाच गेममध्ये घातला.

ते दिवस मात्र मजेचे होते, हे सांगायलाच हवं. शेजारपाजारचा अख्खा वाडा आमच्या सोप्यावर लोटला होता. कोणाला आपली जुनी पत्र्याची टपरी गेममध्ये हवी होती, कोणाला शाळेच्या भिंतीवरचा चुन्याचा डाग. शेजारचा रामचंद्र म्हणाला, "माझी म्हस घाल रे, ती नव्वदीत बरी दिसायची." सिद्धेशने घातली. आई स्क्रीनसमोर स्टूल ओढून बसायच्या आणि मडगार्डच्या रंगावरून मुलाचा जीव काढायच्या.

"हो पिवळो न्हय रे. हो केळ्याचो. बाबाची गाडी झेंडूची होती."

"आई, हा झेंडूच आहे!"

"सुकलेलो झेंडू तो. ताजो कर."

एका संध्याकाळी तांदूळ निवडताना त्यांनी मला सांगितलं की लग्नाआधी त्या शिवणकामाच्या वर्गाला रोज सगुणच्याच गाडीवरून जायच्या. वाऱ्यात बोललेलं पायलटला ऐकू येत नाही. म्हणून उतरायचं असलं की गिऱ्हाईक त्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकतं.

"मी वर्सभर दोन बोटां टेकली," आई म्हणाल्या. "मगे एक दिस टेकलींच नाय. तो नार्व्याच्या देवळापर्यंत घेवन गेलो."

एवढं बोलून त्या लाजल्या आणि तांदळातला खडा समजून एक तांदूळच फेकून दिला.

या सगळ्यावर पाणी पडायची वेळ आली ती ऋतिकामॅडमच्या फोनमुळे. त्या कंपनीत सिद्धेशच्या वरच्या, मूळच्या वाळपईच्या. त्यांनीच हा रस्ता मंजूर करवून घेतला होता.

"सिद्धेश, तुझ्या रस्त्यावर सगळ्या गाड्या बंद पडतात. त्या मोठ्या झाडापाशी. जपानात नाही, इटलीत नाही, फक्त तिथे. आमची मुलं आठवडाभर शोधताहेत, चूक सापडत नाही."

"माझ्याकडेही तेच होतंय," सिद्धेश म्हणाला. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"शुक्रवारी हे लोकांपर्यंत जायचंय. तोवर जमलं नाही तर रस्ता काढून तयार बीच टाकावा लागेल. नारळ, सूर्यास्त, झालं."

"आणि बाबांची गाडी?"

"ती पण जाईल रे. सॉरी."

फोन ठेवल्यावर सिद्धेश नुसता बसून राहिला. स्क्रीनवर झेंडूच्या रंगाचं मडगार्ड चमकत होतं. इतके दिवस ताणून बसलेल्या त्याच्या पाठीचा कणा जणू कोणी काढून घेतला. आई चहा घेऊन आल्या, त्यांनी मुलाकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं.

"खंय बंद पडता?"

"किंदळीकडे."

"हॉर्न मारलंस?"

"आई, गेममध्ये हॉर्न नाहीच आहे."

आईंनी कप असा काही ठेवला की बशीत चहा सांडला. "राखणदारासमोरसून बिनहॉर्नाचो जाता? तुझो बापूस तापान फणफणलेलो तरी हॉर्न मारल्याशिवाय गेलो नाय!"

गावाच्या वेशीवर राखणदार असतो, हे मी पेडण्याची असल्यामुळे मला ठाऊक होतं. आमच्याकडेही आहे. रात्रीचा काठी टेकत गावाभोवती फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. त्याला जाड भाकरीचा रोट देतात, सोडा देतात, विडी देतात. मात्र तो दगड म्हणजे इथला राखणदार, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

सिद्धेशने त्याच दिवशी गेममध्ये हॉर्न बसवला आणि वळणावर दाबला. गाडी अलगद पुढे गेली! आम्ही दोघं ओरडलो. पण बेंगळुरूहून निरोप आला, तिथे हॉर्न मारूनही गाड्या बंदच.

"बंद पडतल्योच," आई म्हणाल्या. "ती परकी माणसां. तेंका तो वळखना. नवो माणूस गावात इलो तर तेका सांगूक नाका?"

तेव्हा मी हळूच म्हटलं, "माझी स्कूटरही तिथेच बंद पडली होती."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मग आईंनी कपाळावर हात मारला. "अगो बाये! लग्नाच्या धावपळीत सुनेक दाखवक व्हरूंकच नाय तेका!"

दुसऱ्या दिवशी आम्ही किंदळीखाली उभे होतो. धाकूकाका, म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालणारे म्हातारे घाडी, पंचा खांद्यावर टाकून पुढे. समोर रोट, सोड्याची बाटली, विडीचा कट्टा आणि चामड्याच्या नव्या कोऱ्या वहाणा. राखणदाराला वर्षातून एकदा वहाणा द्यायच्या. त्या चालून झिजतात, मग नव्या. सिद्धेशच्या हातातल्या फोनवर ऋतिकामॅडम होत्या. त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, "मलाही दाखवा."

दुपार तशीच होती. पान हलत नव्हतं. धाकूकाकांनी घसा खाकरला, आणि किडे थांबले.

"बा देवा म्हाराजा! तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उबी आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटलं.

"ह्या सिद्धेशान तुझी वाट फोनात घातली, तुका विचारलां नाय! भुरगो तो, चूक पोटात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही संजना, पेडण्याची सून, तुका दाखवक रवली. तिका वळखून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे फोनमधून, मोठ्याने. मॅडमच्या मागे त्यांचं सगळं ऑफिस गोळा झालं होतं, कानडी, तामिळ, बंगाली, सगळे एका सुरात.

एवढी दाद मिळाल्यावर धाकूकाका रंगले. गाऱ्हाणं आखडतं घ्यायची त्यांना सवय नाही.

"आनी जे कोण ह्या वाटेन येतले, हांगाचे, थंयचे, दर्याच्या पल्याडचे, दिसाचे येतले, रातचे येतले, त्या सगळ्यांक सांबाळ, आनी घराक पावय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तेवढ्यात विडीचा वास आला. कट्टा अजून बांधलेलाच होता. मी आईंकडे पाहिलं, त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, गप्प. आणि फोनमधून एकदम कल्लोळ उठला, टेबलं बडवल्याचा, शिट्ट्यांचा. "चालली! सिद्धेश, चालली रे!"

शुक्रवारी रस्ता बाहेर पडला. पुढचे काही आठवडे आमच्या घरात सणच होता. कुठल्या कुठल्या देशांतली पोरं नार्व्याच्या वाटेवर गाड्या उडवत होती आणि किंदळीपाशी न चुकता हॉर्न मारत होती. का, ते त्यांना माहीत नव्हतं. एकाने विचारलं, झाडाखाली काठी घेऊन उभा असतो तो माणूस कोण? सिद्धेशने सगळं तपासलं. त्याने फक्त आवाज घातला होता, माणूस नाही.

आई रोज जेवणानंतर खेळायच्या. नवऱ्याची मोटरसायकल निवडायच्या आणि बैलगाडीच्या वेगाने हाकायच्या. बाकीचे शर्यत संपवून निघून जायचे, आई अजून रामचंद्राच्या म्हशीपाशी.

"शेवटच्या आलात आई," मी म्हणायचे.

"पावलंय मगे," त्या म्हणायच्या. "तुझो मामंजी कोणाक कधी पाडूक नाय."

एका दुपारी धाकूकाका सोप्यावर आले. त्यांच्या पिशवीत त्या वहाणा होत्या. मी त्या कोऱ्या पाहिल्या होत्या. आता तळव्यांना आरपार भोकं पडली होती, टाचा कागदासारख्या.

"वर्सभर पुरतत गो," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. "म्हयनो नाय झालो."

"तू कित्याक दर्याच्या पल्याडचे म्हणालंय?" आईंनी त्यांना झापलं. "एका गावाचो राखणदार, तेच्यार सगळी दुनया घातलंय! आता दर म्हयन्याक वहाणा कर."

धाकूकाका जीभ चावून हसले. मीही हसले. आई हसता हसता थांबल्या. त्यांनी डावी वहाण उचलून उजेडात धरली. बोटांवरच्या पट्ट्यावर एक काळा, घासलेला डाग होता. मोटरसायकलचा गिअर पायाने वर उचलताना पडतो, तसा. त्यांच्या नवऱ्याची प्रत्येक डावी चप्पल तिथेच फाटायची, आणि प्रत्येक वेळी त्या त्यावरून भांडायच्या.

आईंनी त्या डागावरून बोट फिरवलं.

"इतक्या लोकांक चलत कसो पावतलो तो..." आई अखेर हळू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा हसत होता. "तुझ्या मामंजीक पायलट केलो आसतलो."

सासऱ्यांना विडीचा वाससुद्धा सहन व्हायचा नाही, हेही त्यांनीच मला नंतर सांगितलं.

आता मी बाजाराला त्याच वाटेने जाते. किंदळीपाशी हॉर्न मारते. स्कूटर बंद पडत नाही. फक्त मागची सीट जराशी दबते, कोणीतरी सावकाश बसावं तशी, आणि विडीचा वास येतो. मी वेग कमी करते. मागे पाहत नाही.

नार्व्याचं देऊळ आलं की माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकतात.

मी थांबते.