बिननावाचा चौकोन

जिन्याच्या वळणावर दोघांची टक्कर झाली ती निव्वळ तिच्या घाईमुळे. हातात तारेचा आणि मण्यांचा डीएनए, काखेत वह्यांचा गठ्ठा, आणि घंटा होऊन गेलेली! जीवशास्त्राची मॅडम वळली ती थेट नव्या चित्रकलेच्या सरांवर आदळली. तार सुटली. लाल, हिरवे, निळे, पिवळे मणी टपटपत खालच्या मजल्याकडे पळाले.

"सॉरी, सॉरी…" म्हणत तो ओल्या पायरीवरच बसला. दोघं मणी वेचू लागले. त्याने आपला रुमाल पुढे केला तेव्हा तिला हसू आवरेना. निळे वेगळे, पिवळे वेगळे, आणि लाल-हिरव्यांचा मात्र एकच ढीग.

"काय हो सर, चित्रकला शिकवता ना? एवढा कंटाळा?"

"तुमच्या डीएनएत एखादा मणी इकडचा तिकडे झाला, तर काय बिघडतं?"

"त्याला म्युटेशन म्हणतात. कधी काहीच बिघडत नाही. कधी… बरंच."

"मग काहीच न बिघडणारं धरू या," तो हसला. त्या हसण्यापायी तिने त्या दिवशी मुलांना भलताच धडा उघडायला लावला.

त्यानंतर तिला तक्ते फारच लागायला लागले. पेशीचा तक्ता, पानाचा तक्ता, गुणसूत्रांचा तक्ता. शाळा सुटली की ती चित्रकलेच्या खोलीत हजर. गणिताच्या बाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "हल्ली जीवशास्त्रात चित्रंच फार झाली गं!" ती लाजायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची.

खिडकीबाहेर पाऊस रिमझिमत असायचा, खोलीत ओल्या कागदाचा वास. तो रेघ ओढायचा आणि ती उगाचच समजावत बसायची.

"जीनोम म्हणजे माणूस घडवायची सगळीच्या सगळी माहिती. अर्धी आईकडून, अर्धी वडिलांकडून."

"त्यात आपल्याला कोण आवडणार तेही लिहिलेलं असतं?"

"नाही. ते ज्याचं त्याने बघायचं असतं."

"बघतोय की," तो कागदावरून मान न उचलता म्हणाला. ती पुढे काय सांगणार होती ते पार विसरली.

एका संध्याकाळी रंगाची ट्यूब हातात घेऊन तो नुसताच थांबला. "एक सांगू? हसणार नाहीस ना… मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. ट्यूबवरची नावं वाचतो. कुठला रंग कुठे ठेवायचा ते ठरलेलं आहे, हात चुकत नाही. माझ्या मामाला याच कारणाने गाडी चालवायची नोकरी नाकारली होती. तेव्हापासून आईने बजावून ठेवलंय, कुठे बोलायचं नाही. घराबाहेर तू पहिलीच."

"आणि शाळेत?"

"वर्षअखेरीला मला कायम करणार आहेत. तोवर तरी…"

"माझ्याकडून कुणाला कळणार नाही," ती म्हणाली आणि तिने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने हात उलटा करून तिचा घट्ट धरला. त्या क्षणी ती मनापासून बोलत होती, यात तिळमात्र शंका नको.

शब्द मोडला नाही असं ती आजही म्हणू शकते. नाव कुठे घेतलं तिने?

झालं एवढंच, की वर्गात आनुवंशिकता सुरू होती आणि पुस्तकातल्या वाटाण्यांवर मुलं जांभया देत होती. शिक्षकाच्या हाती चांगलं उदाहरण लागलं की त्याला ते खिशात ठेवणं जड जातं. त्यातून ती प्रेमात पडलेली! तिने खडू उचलला. पुरुष म्हणजे चौकोन, स्त्री म्हणजे वर्तुळ, आणि ज्याला दोष त्याचा आकार रंगवायचा. एका आईचं वर्तुळ, तिच्या भावाचा रंगवलेला चौकोन. खाली एकाच टोकातून फुटलेल्या दोन रेषा, म्हणजे जुळ्या बहिणी, आणि शेवटी त्यांच्या भावाचा रंगवलेला चौकोन.

"जनुक तेच, पण रूपं दोन. त्यांना अलील म्हणायचं. एकाने रंग ओळखता येतात, दुसऱ्याने लाल-हिरवा येत नाही. आईकडे एक्स गुणसूत्रं दोन, म्हणून तिचं निभावतं. मुलाकडे एकच. आता या मुलाचं लग्न झालं तर?" तिने चौकोनाशेजारी एक वर्तुळ काढलं, अगदी जपून, गोल गरगरीत. "मुली सगळ्या वाहक, पण मुलगे ठणठणीत!"

वर्गात एक मुलगी होती, प्रत्येक गोष्टीत वाद घालायची म्हणून तिला सगळे वकीलबाई म्हणत. ती उठली. "मॅडम, जुळ्या बहिणी, एकच मामा… चित्रकलेच्या सरांनी 'माझं घर' म्हणून घरची माणसं काढून दाखवली होती, त्यात हेच होतं!"

"अगं, काहीतरीच काय…"

"मग हे शेजारचं वर्तुळ कोण?"

मॅडमचा चेहरा लालेलाल झाला. वर्ग खदाखदा हसला. मुलांच्या हसण्यात काडीचाही दुष्टपणा नव्हता, त्यांना दोघंही आवडत होती. घरी जाऊन सगळ्यांनी आई-बाबांना ही गोड बातमी रंगवून सांगितली.

आई-बाबांना ती गोड वाटली नाही. रंग न दिसणारा माणूस आमच्या मुलांना रंग शिकवतो? मुख्याध्यापिकांनी त्याला बोलावलं, चहा पाजला, त्याच्या कामाची तारीफ केली आणि पुढच्या वर्षी येऊ नका म्हणून सांगितलं.

ती धावत गेली तेव्हा तो ब्रश धूत होता.

"मी नाव घेतलं नव्हतं रे…"

"माहीत आहे. तुझे तक्ते फार नेटके असतात."

"ते वर्तुळ मी होते," ती रडत म्हणाली. "मला तुझ्याशी लग्न करायचंय. नोकरी दुसरी मिळेल. आपण—"

"वकीलबाई सांगून गेली. मला वाटलं होतं, हे मी तुझ्या तोंडून ऐकेन. अख्ख्या वर्गाने माझ्या आधी ऐकलं." त्याने नळ बंद केला. "नोकरीचं जाऊ दे. पण उद्या घरात तुला काही सांगायला गेलो, की आधी मनात येईल, हे फळ्यावर तर जाणार नाही ना? असा धसका घेऊन संसार कसा करायचा, सांग."

तो आवाज चढवून भांडला असता तर ती पाया पडली असती, पण त्याने जाताना तिचे डोळेसुद्धा आपल्या रुमालाने पुसले. पुन्हा तो आला नाही, आणि तिच्या फोनला त्याने उत्तर दिलं नाही.

वार्षिक परीक्षेच्या पेपरात रंगांधळ्या पुरुषाच्या मुलांविषयी प्रश्न होता. दर वर्षी त्यात निम्मा वर्ग चुकायचा. या वर्षी सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं, अगदी मागच्या बाकावरच्यांचंसुद्धा. सगळ्यांनी चौकोनाशेजारी वर्तुळ काढलं होतं. तिने प्रत्येकाला पूर्ण गुण दिले. इतकं चांगलं तिने आजवर काहीच शिकवलं नव्हतं.