लाटीणबाईची ओटी

पैज लावते विजयमाला, यातला एक शबुद तुला खरा वाटायचा न्हाई. म्हातारीची टवाळी म्हनून हसून घे. भ्यायची न्हाईस न्हवं? मग दिव्याकडं कशाला सरकलीस?

लढाईचं साल व्हतं. आपल्या शेजारची हरणाबाई सकाळच्याला साताऱ्याला निगाली. मुंबईच्या लाटसायबाची मडम, लाटीणबाई, फौजेतल्या मानसांच्या बायकास्नी भेटायला येनार व्हती. लाटसायेब उन्हाळ्याचा महाबळेश्वरात बसून मुलूख हाकायचा, आन मडमनं गावोगाव कोनशिला बशिवायच्या, फिती कापायच्या, दिसभर हसायचं. गाल दुखत असतील बिचारीचं!

हरणाबाईचा नवरा अर्जुना बर्मात बेपत्ता झालेला. मेला म्हनून कागद न्हाई, हाय म्हनून पत्र न्हाई. सासू बनुबाई म्हनली, "मडमची ओटी भर. ती बी बाईच हाय. म्हनावं, माजा मालक हुडकून द्या."

मैदानात दोन रांगा. सवाशिनींनी मडमची ओटी भरायची, आन नवरा गेलेल्यांनी तिच्या हातनं शाल घ्यायची. कचेरीचा शिपाई खेकसला, "बाई, तुजी रांग कंची?"

हरणाबाई सवाशिनींत शिरली. "हिकडं नगं गं, अपशकून व्हईल!" दुसऱ्या रांगंत गेली, तर त्या म्हनल्या, "एवढं कुंकू लावून आमच्यात कशाला मिरवतीस?"

मग बिचारी मागं लिंबाखाली, पान्याच्या रांजणापाशी जाऊन हुबी ऱ्हायली.

फुडं बँड वाजत व्हता. समद्यांचं डोळं रस्त्याकडं. आन भर उन्हात हरणाबाईला वल्या मातीचा वास आला. वळून बगती तर मडम! एकटीच. पांढरा झगा, हातात पांढरं मोजं, मोज्यांवर तांबडी माती.

"भर की ओटी," मडम म्हनली.

मडमला पदर कुठला? तिनं डोईची टोपी काढली आन उलटी फुडं धरली. हरणाबाईला हसूच फुटलं. तिनं टोपीत तांदूळ, नारळ, हिरवा खण घातला.

"बाईसायेब... माजा मालक... बर्मात..."

"ठावं हाय. तिकडंच चाललीय मी. सांगते त्याला."

ओटी भरली की त्यातलं मूठभर माघारी द्यायची रीत हाय न्हवं? मडमनं मूठ हरणाबाईच्या पदरात सोडली. हात गार... लय गार. हरणाबाईनं न बगताच गाठ मारली. मान वर केली, तर कोन न्हाई.

घटकाभरानं बँड थांबला. मेढ्याचा लियाकत मोटारवाला घामानं निथळत मामलेदारापाशी आला. "सायेब, मडमची मोटार महाबळेश्वरास्नं उतरताना केळघरच्या घाटात कोसळली. तांबडं फुटताना. मीच काढलं बाईला वर... गेलेलीच व्हती." मग आवाज बारीक केला. "मांडीत उलटी टोपी व्हती, दोनी हातांनी धरलेली. आत तांदूळ... नारळ... हिरवा खण. सोडवंना, सायेब."

आन तांबडं फुटताना हरणाबाईचा खण तिच्या ट्रंकंत व्हता. घडी मोडलेली न्हवती.

घरी बनुबाईनं पदराची गाठ चाचपली. तांदूळ लागंनात. दोरा लागला, त्यात कायतरी चपटं. अर्जुना फौजेत निगाला तवा तिनंच त्याच्या गळ्यात ताईत बांधलेला. तिनं चटका बसल्यागत हात काढला.

"सोडू नगंस पोरी..."

"आत्ती, पर..."

"गाठ हाय तवर कुंकू हाय."

न्हाई सोडली. तेवढा पदर फाडून ठिवला. फौजेचा कागद कवाच आला न्हाई, अर्जुना बी न्हाई. कोनी हळदीकुकवाला बोलवंना, तरी बनुबाई गेल्यावर बी हरणाबाई रोज आरशाफुडं बसून कुंकू लावायची. तशीच म्हातारी झाली, तशीच गेली. जाताना गाठ माज्या हातात दिली, न सोडायच्या बोलीवर.

ती बग, त्या फळीवर. हिरी आटल्या, गाव पान्याला म्हाग झालं, पर तिच्याखालचं लाकूड कवा सुकलं न्हाई. लाव की हात! न्हाई? मग मी सोडू व्हय?

...थांब. तुला बी आला वल्या मातीचा वास?

गप... दाराकडं नगं बगूस. परड्यातनं जा. जा आता.